सभासद विरुद्ध संस्था : जुन्नर-नारायणगाव परिसरातील एका हक्काचा इतिहास

नाणेघाटातून वर चढलेला माल ज्या मुलखात उतरत असे, त्या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांमध्ये अनेक ब्राह्मी दानलेख आहेत, आणि त्यांपैकी काही लेख राजांचे किंवा एकेकट्या उपासकांचे नसून व्यावसायिकांच्या संघटनांशी संबंधित आहेत. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यांत सापडते. दुसऱ्या एका लेखात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे गुंतविलेल्या ठेवीच्या उत्पन्नाचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांनी आपल्या नियमांनुसार चालविलेली संघटना. तिच्याकडे ठेव ठेवणारा माणूस आज हयात असलेल्या कारागिरांच्या नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या एका देहरहित संस्थेच्या भरवशावर पैसा ठेवीत होता. याच काळातील नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या २,००० आणि १,००० कार्षापणांचा व्याजदर दिला असून, हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि फळ्यावर नोंदविला गेला, असेही सांगितले आहे. उघड सभेत वाचन आणि लेखी नोंद या दोन गोष्टी दोन हजार वर्षांपूर्वीच संस्थेच्या व्यवहाराचा भाग झाल्या होत्या. आज नारायणगाव, जुन्नर आणि आंबेगाव या पट्ट्यात ज्यांना ‘सभासद’ किंवा ‘भागधारक’ म्हणून ओळखले जाते, त्यांच्या हक्कांचा इतिहास सहकार कायद्यापासून सुरू करण्याची प्रथा आहे. परंतु संस्था आणि तिचाच घटक यांच्यात वाकडे आले तर काय करायचे, हा प्रश्न श्रेणींइतकाच जुना आहे.

स्मृतिकारांनी या प्रश्नाला व्यवहारपदांत, म्हणजे न्यायालयात नेता येणाऱ्या वादविषयांच्या यादीत, स्वतंत्र जागा दिली. नारदाने त्याला ‘समयस्यानपाकर्म’ असे नाव दिले. समूहाने ठरविलेला करार मोडणे हा त्याचा विषय होय. याज्ञवल्क्य समूहाच्या बाजूने कठोर आहे: गणाचे द्रव्य लाटणाऱ्याचे आणि समूहाचा करार मोडणाऱ्याचे सर्वस्व हरण करून त्याला देशाबाहेर घालवावे, असे तो सांगतो. बृहस्पतीची स्मृती अखंड उपलब्ध नाही, ती निबंधकारांनी उद्धृत केलेल्या वचनांतून जुळवावी लागते. पण त्या वचनांत नाण्याची दुसरी बाजूही दिसते. समूहातील मंडळी एकमत करून द्वेषापोटी एखाद्याच घटकाला छळू लागली तर राजाने त्यांना आवरावे, आणि प्रमुख व समूह यांच्यात वाद झाला तर त्याचा निर्णय राजाने करावा, असे तेथे सांगितले आहे. रमेशचंद्र मजुमदार यांनी १९१८ साली प्राचीन भारतातील सामूहिक जीवनावर लिहिलेल्या ग्रंथापासून या वचनांची चर्चा होत आली, ती बहुधा प्राचीन लोकशाहीचा पुरावा म्हणून. या वचनांचे खरे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. बहुमत, इतकेच काय, एकमतही अन्याय करू शकते हे त्यांत गृहीत धरले आहे, आणि त्यावरचा उपाय समूहाच्या आत न शोधता बाहेरच्या तिऱ्हाइताकडे सोपविला आहे. पुढच्या सर्व इतिहासात हा तिऱ्हाईत कोण, तो कधी मध्ये पडतो आणि तो स्वतः किती अलिप्त असतो, या तीन प्रश्नांवरच सभासदाच्या हक्काचे बळ ठरत आलेले दिसते.

मराठेशाहीत या परिसरातील महत्त्वाची ‘संस्था’ म्हणजे गाव आणि त्यावरचा परगणा. वतने, मिरासी, मानपान आणि पेठेतील शेटे-महाजनांचे हक्क यांचे वाद गोतसभेत, म्हणजे गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, समान वतनदार आणि सरकारी अधिकारी यांच्या एकत्र बैठकीत, चालत. या बैठकीला मजालस म्हणत आणि तिने दिलेल्या निर्णयपत्राला महजर. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या कामकाजाचा जो क्रम मांडला आहे, तो आजच्या वाचकाने सावकाश वाचावा असा आहे. वाद मांडणारा अग्रवादी आणि त्याला उत्तर देणारा पश्चिमवादी हे दोघेही आधी राजीनामा लिहून देत. येथे राजीनामा म्हणजे पद सोडणे नव्हे, तर होणारा निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली. त्यासोबत जामीन द्यावा लागे. मग दोघांच्या तक्रीरी, म्हणजे तोंडी निवेदने, लिहून घेतल्या जात. वतनाचा पूर्वेतिहास सांगणारा करीना दाखल होई. साक्षीदारांना देवळात बेलभंडार उचलून सत्य सांगायला लावले जाई. पुरावा तुल्यबळ ठरला तर दिव्य करण्याची वेळ येई, आणि तापलेल्या तेलातुपातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, काढणाऱ्याचा हात भाजला की नाही यावर पिढ्यांचे वतन ठरे. निर्णयानंतर हरलेला पक्ष यजितखत लिहून देई आणि गुन्हेगारी भरी, जिंकणारा सरकारात हरकी भरी. महजराखाली उपस्थितांची नावे आणि निशाण्या असत: कुणब्याचा नांगर, व्यापाऱ्याचा तराजू, बलुतेदाराचे ज्याचे त्याचे हत्यार. कोण हजर होते, कोणासमोर ठरले, हे कागदावरच बोलत असे.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दिव्यात न्याय नव्हता, निवाड्यात सरकारची वसुली मिसळलेली होती, आणि ज्यांना वतनच नव्हते त्यांचा आवाज मजालशीपर्यंत क्वचितच पोहोचत असे. तरीही तीत एक सोय होती, तिची बरोबरी नंतरच्या अनेक कायद्यांना साधली नाही. आपल्याच गावचे गोत दुसऱ्या पक्षाला धार्जिणे आहे असा संशय असणारा वादी ‘परस्थळ’ मागू शकत असे, म्हणजे आपला वाद दुसऱ्या गावच्या किंवा परगण्याच्या सभेपुढे नेण्याची विनंती करू शकत असे, आणि सरकार ती मान्य करून तसे पत्र देत असे. सभा कितीही मोठी असली तरी ती स्वतः वादात गुंतलेली असेल तर ती निवाडा करण्यास योग्य राहत नाही, हे तत्त्व येथे व्यवहारात उतरले होते. इंग्रजी विधिशास्त्र त्याला नैसर्गिक न्यायाचा एक स्तंभ मानते; दुसरा स्तंभ असा की, ज्याच्याविरुद्ध निर्णय व्हायचा त्याला आधी ऐकून घेतले पाहिजे. मिरासदाराचा, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेल्या शेतकऱ्याचा, हक्कही चिवट होता. दुष्काळाने किंवा कर्जाने परागंदा झालेला मिरासदार बऱ्याच वर्षांनी परतला आणि त्याने बाकी चुकती केली, तर जमीन परत मागण्याचा त्याचा हक्क सामान्यतः मानला जाई. नुसत्या गैरहजेरीने मिरास बुडत नसे.

इंग्रजी अंमलाने सुरुवातीस पंचायती टिकविण्याचा प्रयत्न केला, पण १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनंतर दिवाणी न्यायालये हाच मुख्य रस्ता झाला. त्या संहितेतील दुसऱ्या विनियमाने जातीच्या अंतर्गत प्रश्नांत न्यायालयांनी हात घालू नये असे ठरविले, आणि त्यामुळे वाळीत टाकलेल्या माणसाला दाद मागण्याची वाट फार अरुंद झाली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये कंपन्यांच्या बाबतीतही न्यायालये असाच संकोच दाखवू लागली होती. फॉस विरुद्ध हार्बॉटल या १८४३ च्या खटल्यात ठरलेला नियम असा की, कंपनीचे नुकसान झाले असेल तर दाद मागण्याचा हक्क कंपनीचा, एकट्यादुकट्या भागधारकाचा नव्हे. आणि बहुमताने जे मान्य करता येते त्यात न्यायालय सहसा पडत नाही. हिंदुस्थानात १८५० साली कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा आला, १८५७ साली मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आले, आणि पुढे १८८२ व १९१३ चे कायदे झाले. जुन्नर तालुक्यातील शेतकऱ्याला या कायद्यांशी काही कर्तव्य नव्हते. त्याचा संबंध सावकाराच्या खात्याशी होता, आणि १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याशी. सहकाराचा कायदा १९०४ साली आला तो याच कर्जाच्या प्रश्नावर उतारा म्हणून. १९१२ साली त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई प्रांताने १९२५ साली स्वतःचा सहकार कायदा केला.

या कायद्यांतील एक रचना पुढच्या शंभर वर्षांच्या सभासदांना पुरून उरली. संस्था आणि सभासद यांच्यातील वाद दिवाणी न्यायालयात न जाता निबंधकाकडे, म्हणजे सहकारी संस्थांची नोंदणी व देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जावा आणि त्याने तो स्वतः किंवा लवादामार्फत मिटवावा, अशी ही योजना होती. खेडेगावच्या पतपेढीच्या सभासदाला वकिलाचा खर्च पडू नये हा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता. पण संस्था नोंदणारा, तिचे हिशेब तपासविणारा, तिच्या कारभाऱ्यांना वळण लावणारा आणि तिच्याविरुद्धची तक्रार ऐकणारा अधिकारी एकच झाला. बृहस्पतीचा राजा निदान श्रेणीचा पर्यवेक्षक नव्हता.

विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठलाल मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या काठी उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०–५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि सहकारी संस्थेचा आवाका एकदम पालटला. पतपेढीत काही डझन ओळखीचे सभासद असत. कारखान्यात अनेक गावांतील हजारो. राज्य पुनर्रचनेनंतर आलेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालील १९६१ चे नियम या मोठ्या संस्था डोळ्यांपुढे ठेवूनच वापरावे लागले. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांचा कुकडी प्रकल्प उभा राहिला, आणि कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत बाजरी-हरभऱ्याच्या जोडीला ऊस आला. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगर येथे निवृत्तीशेठ शेरकर यांच्या पुढाकाराने विघ्नहर सहकारी साखर कारखाना निघाला, त्याचे नाव ओझरच्या विघ्नहरावरून. आंबेगाव तालुक्यात पारगावजवळ दत्तात्रयनगर येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. नारायणगाव या दोहोंच्या मधल्या टापूतील मोठी बाजारपेठ.

सहकारी कारखान्याचा सभासद आणि कंपनीचा भागधारक यांत कागदावर एकच मोठा फरक दिसतो: कंपनीत मत भागाला असते, सहकारात माणसाला. पन्नास भाग असलेल्याचेही मत एक आणि एका भागाच्या धन्याचेही एकच. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक याहून खोल आहे. कंपनीच्या भागधारकाचा संबंध लाभांश आणि भागाचा बाजारभाव यांच्याशी असतो, आणि न पटल्यास भाग विकून तो बाजूला होऊ शकतो. कारखान्याचा सभासद त्याच संस्थेला आपला माल विकतो, तिच्याकडून तोडणीची टोळी मिळवितो, तिच्या काट्यावर वजन करतो. लागवडीच्या वेळी गट कार्यालयात उसाची नोंद व्हावी लागते, शेतकी खात्याचा चिटबॉय बांधावर येऊन क्षेत्र आणि जात लिहून नेतो, तोडणीचा क्रम लागवडीच्या तारखेवरून ठरतो, आणि बिलातून परतीच्या व बिनपरतीच्या ठेवी कापल्या जातात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आहे, पण तोड उशिरा आली आणि उसाला तुरा फुटला तर वजनात जी घट येते, तिची भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची हे सभासदाला कोणी सांगत नाही. म्हणून या संस्थेतला वाद कधीच नुसता भागभांडवलाचा नसतो.

अधिनियमाने सभासदाला दिलेले संरक्षण बारकाईने पाहिले तर ते बहुतेक सर्व कार्यपद्धतीच्या रूपात दिलेले आहे. सभासदत्व नाकारायचे असेल तर कारणांसह कळवावे लागते, आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णयच झाला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. एखादा शेतकरी आहे की नाही, कार्यक्षेत्रात राहतो की नाही, असा प्रश्न उठला तर त्याचा निर्णय संचालक मंडळाने करायचा नसून निबंधकाने, संबंधितांना बाजू मांडण्याची संधी देऊन, करायचा असतो. कलम ३२ प्रमाणे उपविधी, ताळेबंद आणि सभेचे कागद पाहण्याचा व शुल्क भरून त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क सभासदाला आहे.

सर्वांत सविस्तर तरतूद हकालपट्टीची आहे. कलम ३५ नुसार संस्थेच्या हिताला बाधक कृत्य करणाऱ्या सभासदाला काढून टाकता येते, पण त्यासाठी खास बोलाविलेल्या सर्वसाधारण सभेत उपस्थित मतदारांपैकी किमान तीन-चतुर्थांश सभासदांनी ठराव मंजूर करावा लागतो. त्या सभासदाला सभेपुढे आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली नसेल तर ठराव अवैध ठरतो. आणि संधी दिली, बहुमत मिळाले, तरी निबंधकाची मान्यता येईपर्यंत ठराव अमलात येत नाही. नियमांप्रमाणे नोटिशीनंतर निदान एक महिना गेल्याशिवाय ही सभा घेता येत नाही, आणि सभासद हजर नसेल तर त्याने लेखी पाठविलेले म्हणणे विचारात घ्यावे लागते. नोटीस, मुदत, सुनावणी, मोठे बहुमत आणि शेवटी बाहेरच्या अधिकाऱ्याची मान्यता, अशी ही पाच दारे आहेत. कायदा करणाऱ्यांचा सभेवर पुरता विश्वास नव्हता, आणि तो नव्हता हे बरेच झाले.

हा अविश्वास कशामुळे, हे कोणत्याही मोठ्या कारखान्याची वार्षिक सभा पाहिलेल्यास सांगावे लागत नाही. ही सभा कायद्याने ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. कारखान्याच्या आवारात मंडप पडतो, अहवालाची पुस्तिका आधीच घरोघर गेलेली असते, व्यासपीठावर संचालक ओळीने बसतात. कार्यकारी संचालक मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय मांडतात आणि वाक्य पुरे होण्याआधी मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठतो. ताळेबंद, अंदाजपत्रक, लेखापरीक्षकाची नेमणूक हे विषय त्याच लयीत पुढे सरकतात. ठेवींच्या कपातीबद्दल लेखी प्रश्न देणाऱ्या सभासदाला ध्वनिक्षेपक मिळेपर्यंत सभा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळच्या विषयां’वर येऊन ठेपलेली असते. अशा सभेत एकट्या सभासदाची सुनावणी म्हणजे काय असू शकते याची कल्पना आल्यावर निबंधकाच्या मान्यतेचे कारण कळते. तरीही औपचारिक हकालपट्टी फारशी होत नाही, कारण तिची गरजच क्वचित पडते. नोंद घेण्यात दिरंगाई, तोडणीची पाळी मागे पडणे, मयत सभासदाच्या वारसाचे नाव लावण्यास टाळाटाळ, निवडणुकीच्या तोंडावर थकबाकीदार ठरविणे, या उपायांना ना सभा लागते ना ठराव. आणि सुनावणीची पाचही दारे लावली आहेत ती केवळ पुढच्या दरवाजाला.

अशा तक्रारींसाठी कलम ९१ आहे. संस्थेची रचना, निवडणूक, सभांचे कामकाज, व्यवस्थापन किंवा व्यवसाय यांसंबंधीचा वाद सहकार न्यायालयात नेता येतो, आणि कलम १६३ ने दिवाणी न्यायालयाचे दार बंद केलेले असल्याने तेथेच न्यावा लागतो. मुळात हे वाद निबंधक, त्याचा नामनिर्देशित अधिकारी किंवा अशा अधिकाऱ्यांचे मंडळ यांच्यापुढे चालत. १९७४ च्या दुरुस्तीने स्वतंत्र सहकार न्यायालये निर्माण केली आणि अपिलासाठी वेगळे न्यायालय नेमले. सहकाराच्या इतिहासात कारखाने, बँका, दूधसंघ यांच्या उभारणीच्या तारखा आवर्जून दिल्या जातात. १९७४ ची ही दुरुस्ती सहसा तळटिपेत जाते. सभासदाच्या बाजूने पाहिले तर तिचे स्थान त्या साऱ्यांच्या वर आहे, कारण पर्यवेक्षक आणि न्यायाधीश यांची फारकत तिने केली. ती अपुरी केली हेही खरे: सभासदत्वाची पात्रता, हकालपट्टीची मान्यता आणि चौकशीचे अधिकार निबंधकाकडेच राहिले, आणि साखर कारखान्यांच्या बाबतीत ते साखर आयुक्त व प्रादेशिक सहसंचालक यांच्यामार्फत, म्हणजे ज्या खात्याचा कारखान्याच्या गाळपाशी रोजचा संबंध येतो त्या खात्यातच, वापरले जातात.

न्यायालयांनी या क्षेत्रात काय भूमिका घेतली हे पाहताना एक बेळगावचा खटला आधी सांगावा लागतो, जरी तो कारखान्याचा नव्हे तर मेसन पंथीयांच्या व्हिक्टोरिया लॉजचा होता. तेथून काढून टाकलेल्या सदस्याने दावा लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६३ च्या निवाडासंग्रहात छापलेल्या या निकालात न्यायालयाने असे ठरविले की, संघटनेचा हकालपट्टीचा अधिकार सदस्याने प्रवेश करताना स्वीकारलेल्या करारातून येतो. म्हणून तो नियमांनुसार आणि सद्‌हेतूनेच वापरला पाहिजे आणि नैसर्गिक न्यायाची किमान पथ्ये पाळली पाहिजेत, परंतु न्यायालय त्या निर्णयावर अपील ऐकल्यासारखे बसणार नाही. तो सदस्य हरला. तत्त्व मात्र टिकले. या तत्त्वात सभासदाचा हक्क कराराचा आहे, संविधानाचा नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पुढे २००६ साली एका सहकारी बँकेच्या प्रकरणात आणि २०१३ साली केरळमधील थलप्पलम येथील बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सर्वसाधारण सहकारी संस्था ही ‘राज्यसंस्था’ किंवा माहिती अधिकाराच्या अर्थाने ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही असे सांगितले. संविधानातील मूलभूत हक्क नागरिकाला प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मिळतात. तेव्हा आपल्याच कारखान्याविरुद्ध सभासदाने समतेचा हक्क पुढे केला तर तो सहसा लागू पडत नाही, त्याला अधिनियमाचे कलम किंवा उपविधीच दाखवावा लागतो.

याहून गंभीर परिणाम पंजाबमधील एका खटल्याचा झाला. दमनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९८५ च्या प्रकरणात सरकारने सहकारी संस्थांचे सक्तीचे एकत्रीकरण केले होते आणि प्रत्येक सभासदाला नोटीस द्यायला हवी होती असे सभासदांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही: सभासद झालेली व्यक्ती संस्थेपुरते आपले वेगळेपण संस्थेत विलीन करते आणि तिचे म्हणणे संस्थेमार्फतच मांडले जाते, असा त्याचा आशय. संस्थेला नोटीस मिळाली की सभासदाला मिळाली. संस्था आणि सभासद यांचे हित एक असते तेव्हा हे सूत्र सोयीचे आहे. पण नेमका त्या दोघांतच वाद असतो तेव्हा, किंवा संस्थेचे कारभारीच प्रतिकार करू इच्छीत नाहीत तेव्हा, ते सभासदाला निःशब्द करते. बृहस्पतीने ज्या परिस्थितीसाठी राजाला पाचारण केले, त्याच परिस्थितीत हे सूत्र तिऱ्हाइताला बाजूला बसविते.

संविधानाची ९७ वी दुरुस्ती फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाली तेव्हा हे बदलेल अशी अपेक्षा होती. तिने सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क संविधानात आणला आणि संस्थांच्या कारभारासाठी स्वतंत्र भाग घातला. परंतु राज्यांच्या विधिमंडळांची संमती न घेतल्याने तो भाग राज्यांतील संस्थांपुरता २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला. तोपर्यंत महाराष्ट्राने २०१३ साली आपला अधिनियम त्या अनुषंगाने बदलून ‘क्रियाशील सभासद’ ही कल्पना आणली होती. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर न राहिलेला किंवा उपविधीत ठरलेल्या किमान सेवा न वापरलेला सभासद अक्रियाशील ठरणार आणि त्याचे मत जाणार, असा त्याचा अर्थ. नाममात्र सभासदांच्या जोरावर चालणारे राजकारण मोडावे हा हेतू समजण्यासारखा होता. पण पाणी न मिळाल्याने दोन-तीन हंगाम ऊस न लावलेला, किंवा पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यात गेलेला सभासद, याच चाळणीतून गळतो. ज्या मुलखात परागंदा मिरासदाराची मिरास बुडत नसे, तेथे मंडपातल्या हजेरीपटावरची सही हक्काचा पुरावा झाली. नंतरच्या वर्षांत राज्याने या तरतुदीला पुन्हा हात घातला.

नारायणगावाने कंपनीचा अनुभवही घेतला. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी गावाजवळ द्राक्षमळे आणि वाइनरी उभारून ‘शॅम्पेन इंडाज’ ही कंपनी नावारूपाला आणली, आणि तिची फेसाळ वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशांतही विकली गेली. शेअर बाजारात नोंदलेली ही कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागविण्याच्या प्रक्रियेत, गेली. अवसायनात कोणाला ऐकायचे हा प्रश्न तोवर एका वेगळ्या खटल्यात सुटलेला होता: १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी, कंपनी बंद करण्याच्या अर्जावर कामगारांनाही म्हणणे मांडण्याचा हक्क आहे असे ठरविले, आणि १९८५ च्या दुरुस्तीने त्यांची देणी तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीला आणली. तारण नसलेला द्राक्षबागायतदार या रांगेत बराच मागे असतो आणि भागधारक सर्वांत शेवटी.

चालू कंपनीतल्या भागधारकाला पूर्वी १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम ३९७–३९८ ने आणि आता २०१३ च्या कायद्याच्या कलम २४१ ने, बहुसंख्यांच्या जाचाविरुद्ध दाद मागता येते; फॉस विरुद्ध हार्बॉटलच्या नियमाला पाडलेली ही खिडकी आहे. तिची मर्यादा मुंबईतच ठसठशीत दिसली. टाटा सन्समध्ये १८ टक्क्यांहून थोडे अधिक भाग असलेल्या शापूरजी पालनजी समूहाचे सायरस मिस्त्री यांना २४ ऑक्टोबर २०१६ रोजी अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले; अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्या बाजूने दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२१ रोजी फिरविला. पदावरून काढणे एवढ्यानेच भागधारकाचा जाच होत नाही, असे ठरले. कायदा संचालकाला काढण्यापूर्वी सर्वसाधारण सभेत बोलण्याची संधी देतो. अध्यक्षपदाला ती लागू होत नाही.

सहकारी कारखान्यांच्या सभासदांवर बुडालेल्या कंपनीच्या भागधारकांसारखीच वेळ २००२ च्या कर्जवसुली कायद्यानंतर राज्यभर आली. थकीत कर्जापोटी बँकांनी कारखाने ताब्यात घेऊन विकले तेव्हा नोटीस कर्जदाराला, म्हणजे संस्थेला, गेली, आणि संस्थेच्या वतीने ती घेणारे संचालक मंडळ किंवा प्रशासक होते. ज्यांच्या बिलांतून वर्षानुवर्षे ठेवी कापल्या गेल्या त्या सभासदांना विक्रीची वार्ता बहुधा वर्तमानपत्रातील जाहिरातीतून कळली, आणि नव्या मालकाच्या काट्यावर ते निव्वळ ऊसपुरवठादार म्हणून उभे राहिले. संस्था रीतसर अवसायनात निघाली तर सभासदाला अवसायकाकडे मागणी नोंदविता येते. सर्व देणी भागून काही शिल्लक उरलीच, तर ती सभासदांत वाटण्यासाठी अधिनियमाच्या कलम ११० प्रमाणे राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते.